बी.ए. चौऱ्याण्णवच्या यादीतलं पाचवं नाव

ही घडलेली गोष्ट आहे. पदरचं काही घातलेलं नाही.

ज्याच्या बाबतीत घडली तो हनुमंत कोल्हे अजून निमोण्यात राहतो. हायस्कुलात मास्तर आहे. खोटं वाटत असेल तर जाऊन विचारा. तो सगळं सांगेल. फक्त सांगताना तुमच्याकडे बघणार नाही.

अशा गोष्टी अमावस्येच्या, मध्यरात्रीच्या असतात असं आपण धरून चालतो. ही तशी नाही. यातलं जे काही घडलं ते दिवसाउजेडी घडलं.

सुरुवात झाली ती २००५ सालच्या फेब्रुवारीत. शिरूरच्या बाजारपेठेत, खतांच्या एका दुकानात. दुपारचे साडेतीन वाजले होते.

दुकान रोहिदासचं. रोहिदास, हनुमंत आणि हर्षदा, तिघं एकाच वर्गातले. बी.ए., १९९४. कॉलेजचं नाव मुद्दाम सांगत नाही. अकरा वर्षांनी सगळा वर्ग पुन्हा एकत्र आणायचं रोहिदासनं मनावर घेतलं होतं. सत्तावीस तारखेचा रविवार धरला होता. हर्षदा त्यासाठी पुण्याहून आली होती.

"एक राह्यलं," रोहिदास म्हणाला. "जे गेले त्यांचं कायतरी करायला पायजे. फोटो लावू, नावं वाचू, दोन मिनिटं उभं राहू. हनुमंता, हे तुझ्याकडं. तू मास्तर हायस, तुला वाचायची सवय."

हनुमंतनं वही पुढं ओढली. आठवून आठवून चार नावं झाली. पहिला राहू गावचा संपत. विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून गेला होता. मग दोघं अपघातात गेलेले. आणि एक मुलगी, पहिल्याच बाळंतपणात गेलेली.

हर्षदा म्हणाली, "आणि बिरदेव?"

रोहिदासनं बिलबुक उघडलं.

"बिरदेव कोळपे. पाटसजवळ उसाची ट्रॉली उलटली, त्यात गेला ना तो? नव्व्याण्णवला."

हनुमंतनं वहीतून मान वर केली नाही.

"तो आपल्याबरोबर पास कुठं झाला?" तो म्हणाला. "कॉपी केस होती त्याची. ग्रॅज्युएटच नाही झाला, तर यादीत कसं घालायचं?"

हे तो बोलला. स्वतःच्या तोंडानं.

आणि त्याच वेळी...

त्याच्या मानेमागं कुणीतरी घसा खाकरला.

हलकेच. दोनदा. काहीतरी बोलायच्या आधी माणूस खाकरतो तसा.

हनुमंतनं गर्रकन मागं बघितलं. मागं युरियाच्या गोण्यांची थप्पी होती. थप्पी आणि त्याची पाठ यात जेमतेम वीतभर जागा.

"काय झालं?" रोहिदासनं विचारलं.

"काही नाही."

पण ते खाकरणं त्यानं ओळखलं होतं. तीन वर्षं रोज ऐकलं होतं.

कोल्हे आणि कोळपे. हजेरीत एकेचाळीस आणि बेचाळीस.

पहिल्या वर्षापासून हनुमंत पुढच्या बेंचवर, बिरदेव त्याच्या मागं. बिरदेव राहूकडचा. घरची मेंढरं आज्याच्या काळातच सुटली होती, आता तीन एकर शेत होतं आणि आई, तानुबाई. बाप लहानपणीच गेलेला. पोरगा बुजरा. वर्गात हजेरी द्यायची तरी आधी दोनदा खाकरायचा, मग "हजर" म्हणायचा. पोरं हसायची.

शिरूरला स्टँडच्या मागं दोघांनी मिळून खोली घेतली होती. तानुबाईचा डबा एसटीनं यायचा. एकाच डब्यात दोघांच्या भाकरी. हनुमंतनं तीन वर्षं त्या बाईच्या हातचं खाल्लं.

एप्रिल चौऱ्याण्णव. शेवटच्या वर्षाचा अर्थशास्त्राचा पेपर. हनुमंतचा अभ्यास झाला नव्हता. त्यानं गाईडची पानं बारीक झेरॉक्स करून घेतली होती. बोटाएवढी पट्टी, अक्षर मुंगीएवढं.

पेपर सुरू होऊन तास झाला आणि भरारी पथक आलं.

हनुमंतच्या हातातून पट्टी खाली पडली. त्यानं विचार केला नाही. चपलेच्या टाचेनं ती मागं ढकलली.

मागच्या बेंचखाली.

पथकातल्या माणसानं ती उचलली. "कुणाची?"

छापील पट्टी. हस्ताक्षर जुळवायचा प्रश्नच नव्हता. बिरदेवच्या पायाशी सापडली होती, एवढं पुरे होतं.

"तुझी का रे? बोल!"

बिरदेव उठून उभा राहिला. हनुमंतला त्याची नजर पाठीवर जाणवली. मग बिरदेवनं घसा खाकरला. दोनदा.

आता सांगणार, हनुमंतला वाटलं. आता बोलणार.

बिरदेव काहीच बोलला नाही.

त्याचा पेपर काढून घेतला. तीन वर्षं परीक्षेला बसायची बंदी झाली.

तो खोलीवर पेटी न्यायला येणार हे हनुमंतला माहीत होतं. त्या दिवशी हनुमंत मुद्दाम सिनेमाला गेला. परत आला तेव्हा अर्धी खोली रिकामी होती. कोनाड्यात त्या दिवशीचा डबा होता. भाकरी मोजून अर्ध्या काढून नेलेल्या, अर्ध्या ठेवलेल्या.

त्यानंतर एकदाच दिसला. सत्त्याण्णवच्या गळिताच्या हंगामात. हनुमंतची बस पाटसच्या स्टँडात उभी होती आणि शेजारून उसाचा ट्रॅक्टर चालला होता. चालवणारा बिरदेव. त्यानं वर बघितलं.

हनुमंतनं तोंडापुढं पेपर धरला.

तर अशा माणसाचं नाव त्यानं यादीतून गाळलं होतं.

फोटो गोळा करायचं कामही हनुमंतकडेच आलं. तीन फोटो पोस्टानं आले. संपतचा राहिला. वीस तारखेच्या रविवारी सकाळी तो मोटारसायकल काढून राहूला निघाला. एकटाच.

न्हावऱ्यापर्यंत काही वाटलं नाही. पुढं एका स्पीडब्रेकरवर गाडी हळू केली आणि...

गाडी मागून दबली.

डबलसीट कुणी बसलं की दबते तशी.

त्यानं उतरून चाक बघितलं. हवा चांगली होती. मागची सीट हातानं चाचपली. उन्हात तापलेली होती. पुढं सगळ्या रस्त्यात त्यानं आरशात बघितलं नाही. बघायची छाती झाली नाही.

संपतच्या घरी त्याचा बाप होता. हरिबा. सत्तरीचा म्हातारा. पोराचं नाव काढताच डोळे पुसत आत गेला, फोटो घेऊन आला.

"बसा मास्तर. च्या टाकाया सांगतो," हरिबा म्हणाला. मग दाराबाहेर बघून बोलला, "त्यांना का भाइर ठिवलंय? बलवा की."

"कुणाला?"

"तुमच्यासंगट आल्यात ते. गाडीपाशी उभं हायत न्हवं का."

हनुमंतनं बाहेर बघितलं. लिंबाच्या सावलीत गाडी उभी होती. गाडीपाशी कुणी नव्हतं.

"गेलं वाटतं कुठं," हरिबा पुटपुटला. "पाठमोरं बघितलं आन् माझ्या काळजात चर्र झालं. म्या म्हनलं, तानुबाईचा बिरदेवच आला का काय! तुमी वळखत असाल की त्याला. तुमच्याच वर्गात व्हता."

हनुमंत हातातल्या फोटोकडे बघत म्हणाला, "होता."

"लई गुणाचं पोर. पन कापी करताना घावलं. ही बातमी गावात आली आन् तानुबाईनं दार लावून घेतलं. म्हनली, मान खाली घालाया लावलीस, आता माझ्या घरात पाऊल टाकू नगंस. दोन दीस पोरगं वट्यावर बसून व्हतं. तिसऱ्या दिशी उठलं आन् पाटसला गेलं, उसाच्या ट्रॅक्टरवर."

"नंतर... घेतलं असेल ना घरात?"

"कशाचं! पाच वर्सं दर दिवाळीला यायचा. वट्यावर बसायचा, वाट बघायचा, जायचा. बाई लई ताठ. दार न्हाई उघडलं. शेवटाला त्याला आनला, त्यो बी वट्यावरच ठिवला आन् थेट नदीला नेला. तवापास्नं बाई कुनाशी बोलत न्हाई."

हनुमंतला हे काहीच माहीत नव्हतं. एवढ्या वर्षांत त्यानं कधी विचारलंच नव्हतं.

"तो कधी सांगत नव्हता का," त्यानं कसंबसं विचारलं, "की मी केली नाही म्हणून?"

"एक डाव म्या इचारलं त्याला. खरं सांग म्हनलं." हरिबानं मान हलवली. "नुसता घसा खाकरला. बोलला काय न्हाई."

चहा आला. कप एकच होता. तरी हनुमंतला तो संपवता आला नाही. तानुबाईचं घर तिथून चार घरं सोडून होतं. हनुमंत त्या बाजूला न बघता गाडीवर बसला आणि निघाला.

निघताना गाडी पुन्हा मागून दबली.

सत्तावीस तारीख. रविवार, सकाळी अकरा.

हॉलमध्ये साठेक जण जमले होते. पोटं सुटलेली, केस गेलेले. कुणी कुणाला ओळखत नव्हतं आणि मग एकदम मिठ्या मारत होतं. स्टेजवर टेबलावर चार फोटो. चार हार.

रोहिदासनं हनुमंतला माईकपाशी बोलावलं. सगळे उभे राहिले.

हनुमंतनं नावं वाचली. एक. दोन. तीन. चार.

चौथ्या नावानंतर त्यानं कागदाची घडी घातली.

आणि स्पीकरमधून...

कुणीतरी घसा खाकरला.

सगळ्या हॉलनं ऐकलं. सगळ्यांनी हनुमंतकडे बघितलं. हनुमंतचं तोंड बंद होतं.

रोहिदासनं पुढं होऊन माईकवर दोनदा टिचकी मारली. "चला, दोन मिनिटं शांत उभं राहू."

साठ माणसं मान खाली घालून उभी. पंख्याचा आवाज. बाहेर आचाऱ्याच्या भांड्यांचा आवाज. मग तोही थांबला.

पंखासुद्धा थांबल्यासारखा वाटला.

आणि त्या शांततेत पुन्हा तेच. या वेळी माईकमधून नाही. अगदी त्याच्या कानाशी. श्वास लागावा एवढ्या जवळून. दोनदा खाकरून कुणीतरी थांबलं. हजेरीला थांबायचं तसं.

 दोन मिनिटं संपली तेव्हा हनुमंतनं माईक धरला.

"एक नाव राहिलं," तो म्हणाला. "बिरदेव कोळपे. रोल नंबर बेचाळीस. मी मुद्दाम गाळलं. त्याच्या बेंचखाली सापडलेली चिठ्ठी माझी होती. मी टाचेनं मागं ढकलली होती. त्यानं कॉपी केली नव्हती."

त्याला वाटलं, आता लोक उठतील. शिव्या देतील. अंगावर येतील.

कुणी हललं नाही.

मग हर्षदा बोलली. अगदी हळू. "आम्हाला माहीत होतं, हनुमंत."

"काय?"

"मी शेजारच्या रांगेत होते. तुझा पाय मी बघितला होता. अजून दोघातिघांनी बघितला होता. संध्याकाळपर्यंत सगळ्या वर्गाला कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझ्या कंपासमध्येही चिठ्ठी होती."

हॉलमधल्या साठ माणसांनी खाली बघितलं. रोहिदासनंही. मघाशी दोन मिनिटं घातल्या होत्या त्यापेक्षा माना खाली गेल्या होत्या.

जेवायला हनुमंत थांबला नाही. अडीचच्या सुमारास त्यानं गाडी काढली. रोहिदास मागं धावत आला. "मी येतो संगं. एकटा नको जाऊ."

"मागं जागा नाही रे," हनुमंतच्या तोंडून गेलं.

रोहिदासनं रिकाम्या सीटकडे बघितलं. मग काही न बोलता दोन पावलं मागं सरला.

राहूला पोचायला साडेचार झाले. ऊन अजून चांगलं होतं. तानुबाई दारात बसून ज्वारी निवडत होती. हाडकुळी बाई, कपाळ मोकळं. तिनं हनुमंतकडे बघितलं. बराच वेळ.

"हणमंता व्हय?"

जी बाई कुणाशी बोलत नव्हती, ती बोलली. हनुमंतला वाटलं, परत फिरावं.

"मावशी..."

"बिरदेव सांगायचा, हणमंताला शेंगदान्याची चटनी लई आवडती, डब्यात जास्ती घाल. पुरायची का रं?"

हनुमंत ओट्याखाली उभा होता.  तो तिथंच मातीत बसला.

"मावशी, ती चिठ्ठी माझी होती. परीक्षेतली. बिरदेवची नव्हती. मी त्याच्याकडे ढकलली आणि गप्प बसलो."

तिच्या हातातलं सूप तसंच राहिलं.

"परत सांग."

त्यानं परत सांगितलं. ऐकताना ती त्याच्याकडे बघतच नव्हती. त्याच्या खांद्यावरून मागं बघत होती.

"मग त्यानं मला का न्हाई सांगितलं?"

"मला माहीत नाही."

तानुबाईनं सुपातले दाणे बोटांनी सारखे केले. मग स्वतःशीच म्हणाली, "म्या इचारलंच न्हाई. दार लावून घेतलं. एका शब्दानं इचारलं न्हाई."

आणि तेव्हा...

हनुमंतच्या मागं, ओट्याच्या पायरीशी, कुणीतरी घसा खाकरला.

एकदा. दोनदा.

आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यापुढं शब्द आला.

"आये."

 हनुमंतनं मान वळवली नाही. त्याला फक्त तानुबाई दिसत होती. ती भ्यायली नाही. ओरडली नाही. सूप खाली ठेवून ती उठली आणि उंबऱ्यावरून एका बाजूला सरली. घरच्या माणसाला वाट देतात तशी.

"ये बाबा," ती म्हणाली. "आत ये."

हनुमंतच्या खांद्याला काहीतरी घासून गेलं. कापडाचा स्पर्श. तोडलेल्या ओल्या उसाचा वास, आणि डिझेलचा. ओट्यावर कुणी चढलेलं दिसलं नाही. पण सुपातली ज्वारी धक्का लागल्यासारखी हलली आणि चार दाणे खाली सांडले.

"मावशी, मला..." हनुमंतला माफी मागायची होती.

तानुबाईनं एकदाच त्याच्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. काहीच नव्हतं.

तिनं दार आतून लावून घेतलं. कडी वाजली.

हनुमंत तिथंच बसून राहिला. आधी आतून रडणं ऐकू आलं. म्हातारीचं, तोंडात पदर कोंबून केलेलं. मग ते थांबलं. भांडं वाजलं. पाणी ओतल्याचा आवाज झाला.

मग बोलणं सुरू झालं.

दोन आवाज. एक तिचा. एक दबका, पुरुषाचा, थांबून थांबून बोलणारा. शब्द कळत नव्हते. कितीतरी वेळ ते दोघं बोलत होते.

मधेच एक शब्द मात्र स्पष्ट ऐकू आला.

"हणमंता."

त्याचं नाव निघालं.

आणि लगेच आतले दोघंही गप्प झाले. आपण ज्याच्याविषयी बोलतोय तो माणूस दाराबाहेर बसलाय, हे लक्षात यावं तसे.

हनुमंत उठला. कपड्यांची माती झटकली नाही. गाडीपर्यंत चालत गेला, बसला, किक मारली. गाडी मागून दबली नाही. सगळ्या रस्त्यात नाही. त्यानं आरशात बघितलं तर मोकळा रस्ता होता, आणि बाजूच्या उसाला तुरे आले होते.

त्यानंतर ते खाकरणं त्याला कधी ऐकू आलं नाही.

तानुबाई पुढं तीन वर्षं जगली. हरिबानं सांगितलं की ती लोकांशी बोलायला लागली होती, चांगली हसूनसुद्धा. भाकरी दोन माणसांच्या करायची. कोण आलंय विचारलं तर दुसराच विषय काढायची. झोपेतच गेली. वर्गातल्या लोकांनी बिरदेवचा फोटो मोठा करून तिच्याकडे नेला होता, तर तिनं घेतला नाही. "फोटू कशाला लावू?" म्हणाली. फोटो घेऊन गेलेले वर्गमित्र परत आले आणि कुणी त्यावर एकमेकांशी बोललं नाही.

हनुमंत त्यांच्याबरोबर गेला नव्हता. नंतरही कधी गेला नाही.

भीती वाटते म्हणून नाही, असं तो सांगतो. आतला माणूस त्याला काही करणार नाही हे त्याला पक्कं माहीत आहे. ज्यानं जिवंतपणी एक शब्द उच्चारला नाही, तो मेल्यावर काय करणार?

त्याला झोप लागत नाही ती वेगळ्याच गोष्टीनं. त्या बंद दारामागं त्याचं नाव निघालं, त्याच्या आधी काय बोलणं चाललं होतं? माफ कर म्हणत होता, की नको करू म्हणत होता? कोण कुणाला समजावत होतं?

आता ते घर पडलंय. ज्यांना ठाऊक होतं ती दोघंही गेली.

हे सगळं सांगून होतं. मग समोरच्याला विचारतो. दर वेळी विचारतो. तुम्हालाही विचारील.

"तुम्हाला काय वाटतं हो... काय म्हणाला असेल तो?"